गवतात गेलेली स्प्रिंग

आमच्या घराभोवतीचं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं, पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी सांगितलं, "आता रोज चालायचं. सपाट जमिनीवर, सकाळ-संध्याकाळ." सासूबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "आयुष्यभर चालले, आता बसणार." आणि त्या बसल्या. मेव्हण्याच्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत जी बैठक मारली ती कोणाच्या बापाला मोडता येईना. मेव्हण्याने हात टेकले आणि फोन केला, "ताई, तू बघ आता. नवा गुडघा न वापरताच गंजून जायचा."

बायको म्हणाली, "आईला इकडे आणू या. घराभोवती फेरी मारली की झालं तिचं चालणं. फाटकापासून बाजूच्या नळापर्यंत आणि परत." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "फक्त ते गवत काढायला हवं. माळ्याला बोलावते."

इथे मी तोंड उघडलं. ते उघडलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.

"घरात यंत्र असताना माळी कशाला?" मी म्हणालो.

यंत्र म्हणजे गवत कापायचा विजेचा ट्रिमर. लांब दांडा, वर मोटर, खाली एक वाटोळं डोकं आणि त्यातून बाहेर डोकावणारी नायलॉनची दोरी. मोटर सुरू केली की दोरी गरगर फिरते आणि गवत भुईसपाट होतं, असं खोक्यावरच्या चित्रात होतं. चित्रातला माणूस गवत कापताना हसत होता. त्या हसण्यावर भाळूनच मी ते यंत्र घेतलं, एकदा वापरलं आणि अडगळीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवलं. तेव्हापासून ते आमच्याकडे 'आहे' या सदरात मोडत होतं.

रविवारी सकाळी मी जुनी पँट चढवली, डोळ्यांना स्कूटरचा चष्मा लावला आणि अंगणात उतरलो. खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पानसुद्धा हललं नाही.

कुंपणाच्या भिंतीवरून लगेच एक डोकं वर आलं. हे आमचे डावीकडचे शेजारी. प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू करतात म्हणून गल्लीत सगळे त्यांना अनुभवी म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी पाहतोय, आमच्याकडे काही बिघडलं की यांना भिंतीपलीकडे काहीतरी काम निघतंच.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले, "यंत्रात काही नसतं. करंटच येत नसतो. आधी सॉकेट तपासा."

सॉकेट तपासायला मी स्वयंपाकघरातला मिक्सर व्हरांड्यात आणला आणि लावला. सॉकेट ठणठणीत होतं. मिक्सरमध्ये सकाळचं विसळायला घातलेलं साबणाचं पाणी होतं आणि झाकण नव्हतं, हे दोन्ही आम्हांला एकाच वेळी कळलं. अनुभवी तोंड पुसत म्हणाले, "बघा, करंट आहे."

मग एक्स्टेन्शनची वायर तपासली. ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेली असते. ती मध्येच उंदराने कुरतडली होती. चला, म्हटलं, दोष सापडला. दुकानातून नवी वायर आणली, जोडली, खटका दाबला. या वेळी यंत्राने 'हूंऽऽ' असा आवाज काढला. पण फिरलं काही नाही. खटका दाबला की हूंऽऽ, सोडला की गप्प. मी आयुष्य सरकारी कचेरीत काढलंय. नुसता हुंकार भरून काम न करण्याचा हा प्रकार माझ्या चांगला ओळखीचा होता. पण कचेरीत त्यावर उपाय सापडला नव्हता, तो इथे तरी कसा सापडणार?

"कंपनीला फोन करा," बायको म्हणाली, "नाहीतर मी माळ्याला करते."

मी कंपनीला फोन केला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक गोड आवाज आला. "सर, गवत कोणत्या प्रकारचं आहे?"

"हिरवं."

"घरगुती गवत की तण, सर? तणासाठी यंत्र वापरलं असेल तर हमी लागू होत नाही."

मी अंगणाकडे पाहिलं. ते गवत मी लावलेलं नव्हतं हे खरं, पण इतकी वर्षं आमच्याकडे राहिल्यावर त्याला तण म्हणणं जिवावर आलं. "घरगुती," मी म्हणालो. "अगदी घरातल्यासारखं."

"छान, सर. मग यंत्र मूळ खोक्यातून सेवा केंद्रात घेऊन या."

मूळ खोकं अडगळीच्या खोलीत होतं. त्यात मांजर व्यायलं होतं. पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते. मी खोक्याला हात लावल्याबरोबर मांजरीने जे तोंड केलं आणि दारात उभ्या बायकोने जे तोंड केलं, त्यात डावं-उजवं करणं कठीण होतं.

"त्या बाळंतिणीला हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

शेवटी एक दिवस रजा टाकून, यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून, मी बसने सेवा केंद्राकडे निघालो. ते गुंडाळलेलं यंत्र खाली गोल, वर लांब दांडा, असं मांडीवर उभं धरलेलं. शेजारच्या गृहस्थांनी आदराने थोडं सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "कुठे आहे आज बैठक?"

"सेवा केंद्रात," मी म्हणालो.

"वा!" ते म्हणाले. "सेवाभावाने वाजवणारे हल्ली राहिलेत कुठे!" उतरताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मीही मान लववली. दुसरं करणार काय?

सेवा केंद्रातल्या साहेबांनी चादर सोडली, खोकं नाही म्हणून सुस्कारा टाकला, पण मोठ्या मनाने यंत्र लावून पाहिलं. हूंऽऽ.

"चालू आहे की," ते म्हणाले.

"आवाज करतंय. फिरत नाहीये."

"त्याचं असं आहे, कॉम्प्युटरवर दोनच गोष्टी येतात. बंद किंवा चालू. आवाज येतोय म्हणजे बंद म्हणता येत नाही. आणि चालू यंत्र दुरुस्तीला घेता येत नाही."

"मग पूर्ण बंद पडल्यावर आणू?"

"आणा ना! अवश्य आणा," साहेब म्हणाले. इतक्या आपुलकीने की मला त्यांच्यावर रागावताही येईना. मी पुन्हा चादर गुंडाळली आणि घरी आलो.

घरी येऊन बघतो तर व्हरांड्यात अनुभवी आणि उजवीकडच्या भूगोलबाई दोघंही बसलेली. भूगोलबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांना कोणताही प्रश्न जमिनीवर काठीने रेघा ओढल्याशिवाय समजावता येत नाही. बायकोने दोघांना चहा दिला होता. माझ्यासाठी नव्हता.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी म्हणाले, "ते डोकं उघडा."

"आधी प्लग काढा," भूगोलबाई म्हणाल्या. त्या दिवसभरात मला मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला.

प्लग काढला. व्हरांड्याच्या पायरीवर बसून यंत्र उलटं मांडीवर घेतलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन कळा होत्या. त्या दाबून झाकण ओढायचं. दाबल्या, ओढलं, येईना. अनुभवी म्हणाले, "जोर लावा." मी जोर लावला. झाकण सुटलं आणि आतून 'टण्ण' करून काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं.

"काय होतं ते?" बायकोने विचारलं.

"स्प्रिंग असावी," अनुभवी म्हणाले. "ती असते तिथे. उघडताना हात ठेवावा लागतो वर."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तो अनुभव मला आत्ताच आला," ते म्हणाले.

पण खरा रोग त्या झाकणाखालीच निघाला. मोटरच्या दांड्याला, मागच्या वेळचं गवत वाळून, पीळ बसून, त्याची चांगली काथ्याच्या दोरीसारखी गुंडाळी झाली होती. बिचारं यंत्र फिरणार कसं? बायकोची कात्री आणि भुवयांचा चिमटा घेऊन मी ते सगळं उपसून काढलं. प्लग लावून खटका दाबला मात्र, दांडा सर्रकन फिरला! खरं सांगतो, मला पहिल्या पगाराच्या दिवशी झाला नसेल इतका आनंद झाला. अनुभवींनी माझ्या पाठीवर थाप मारली. कॉम्प्युटरलाही जे कळलं नव्हतं ते माझ्या हाताने बरं झालं होतं.

राहिली फक्त स्प्रिंग. ती दोरीच्या रिळाला दाबून धरते. ती नसेल तर रीळ सैल पडतं आणि दोरी मनाला येईल तेवढी बाहेर येते. करंगळीएवढी वस्तू, पण ती पडली होती गुडघाभर गवतात. म्हणजे गवत कापायला स्प्रिंग हवी आणि स्प्रिंग शोधायला गवत कापायला हवं. मी सेवा केंद्राला फोन केला.

"स्प्रिंग सुटी येत नाही," तेच साहेब म्हणाले. "पूर्ण डोकं बदलावं लागेल."

"कोणाचं?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

मग माझी नजर घरातल्या स्प्रिंगांवर गेली. इतकी वर्षं संसार केला, पण घरात किती ठिकाणी स्प्रिंग असते याचा मी कधी विचार केला नव्हता. पेनातली काढून पाहिली, ती फारच अशक्त निघाली. कपड्यांच्या चिमट्यातली वाकडी होती. टॉर्चमधली मात्र अगदी चपखल बसली. झाकण लावलं, यंत्र घेऊन मी गवतात उतरलो आणि खटका दाबला.

दोन वीत दोरी बाहेर यायला हवी होती. आली ती सगळीच्या सगळी. सापासारखी सळसळत माझ्या पायांभोवती फिरायला लागली. मी घाबरून यंत्र वर उचललं. वर बायकोने नुकत्याच धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. यंत्राच्या दोरीने वाळवणाची दोरी मध्येच तोडली आणि सगळ्या चादरी माझ्यासकट चिखलात आल्या.

त्या दिवशी घरात पेन चालत नव्हतं, टॉर्च लागत नव्हता, चिमटे धरत नव्हते आणि बायको बोलत नव्हती. बोलली ती फक्त माळ्याशी, फोनवर. माळी म्हणाला, "बाई, या दिवसांत सगळ्यांचीच यंत्रं बिघडतात. मला पुढच्या महिन्यापर्यंत मान वर करायला सवड नाही."

आणि अशात सासूबाई आल्या. ठरल्यापेक्षा आधीच आल्या, कारण मेव्हण्याचा धीर संपला होता. काठी टेकत, बायकोच्या हाताला धरून त्या रिक्षातून उतरल्या, फाटकातून आत आल्या आणि गवत पाहून त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगावं!

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "इथे चालायचं कुठे? पाय अडकून पडले तर दुसरा गुडघाही जायचा. मी आपली बसते." आणि व्हरांड्यातल्या माझ्या खुर्चीत बसल्या. "जावईबापूंनी सोय मात्र चांगली केली हो माझी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करणार नाही.

रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, हे दिवस गेले की गेले. आत्ता चालली नाही तर पाय कायमचा आखडेल. तिला ते पटत नाही. तिला ना, भीती वाटते. दुखेल म्हणून नाही, पडेन म्हणून. सांगत नाही, पण वाटते." तिचा घास हातातच राहिला होता. तोपर्यंत मला हे प्रकरण माझ्या अब्रूचं वाटत होतं. त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली.

रविवारी सकाळी मी ठरवलं, स्प्रिंग शोधायचीच. मी आणि अनुभवी गवतात वाकून उभे राहिलो. भूगोलबाई काठी घेऊन आल्या आणि त्यांनी फाटकापासून नळापर्यंत जमिनीचे चौकोन पाडले. "एकेक चौकोन पुरता तुडवून, चाचपून मगच पुढे," त्या म्हणाल्या. आम्ही गवत पायाने दाबत, हाताने चाचपत निघालो. अनुभवींना एक बटण, एक जुनी किल्ली आणि आमच्याकडून हरवलेला त्यांचाच पेचकस सापडला.

सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. थोडा वेळ त्यांनी सहन केलं.

"अहो, तिकडे कुठे शोधताय? उडाली तेव्हा तोंड कुणीकडे होतं तुमचं?"

"फाटकाकडे, आई."

"आणि गेली कोणत्या कानाजवळून?"

"उजव्या."

"मग डावीकडे काय ठेवलंय? जरा उजवीकडे व्हा. अजून. अहो, अजून! काय बाई माणसं, समोरचं दिसत नाही यांना!"

आणि त्या उठल्या. काठी टेकत पायरी उतरल्या आणि दाबलेल्या गवतावरून सरळ माझ्याकडे चालत आल्या. व्हरांड्याच्या दारात बायको हातात ताट घेऊन उभी होती. तिने अनुभवींकडे आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. भूगोलबाईंनी न बोलता एक पाऊल सरकून सासूबाईंच्या बाजूला जागा घेतली, पडल्याच तर धरता यावं अशी. सासूबाईंचं कशाकडेच लक्ष नव्हतं. काठीने गवत बाजूला करत, आमच्या पिढीच्या नजरेला नावं ठेवत त्या नळापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

त्याच वेळी मला स्प्रिंग दिसली. नळाच्या कट्ट्यालगत, ओल्या मातीत, लख्ख चकाकत होती. मी हात पुढे केला आणि सासूबाईंचा आवाज आला, "काय हो, दिसली का?"

मी स्प्रिंगवर पाय ठेवला.

"नाही, आई," मी म्हणालो. "इथे तर नाहीये."

"मग मागच्या बाजूला बघू या. चला."

त्यांची पाठ वळल्यावर मी ती उचलून खिशात टाकली. नंतर रोज सकाळी चहा झाला की सासूबाई म्हणत, "चला, जावईबापू, तुमची ती स्प्रिंग बघू." आणि संध्याकाळी भूगोलबाई आल्या की पुन्हा एक फेरी. त्या कधी घराच्या मागे जात, कधी कुंपणाच्या कडेने. हळूहळू काठी टेकण्याऐवजी नुसती हातात राहायला लागली. मी मागून कधी वाकून, कधी गुडघ्यांवर बसून, मन लावून शोधत असल्यासारखं करत असे. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. नसलेली वस्तू शोधताना चेहऱ्यावर रोज नवी आशा आणावी लागते. कचेरीतला अनुभव इथे मात्र कामी आला.

एक दिवस कपडे भिजवताना बायकोला माझ्या खिशात स्प्रिंग सापडली. ती ओल्या हातावर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने स्प्रिंग पुसली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पँटच्या खिशात ठेवा. शर्टाच्या खिशातून वाकताना पडते." त्या संध्याकाळी चहा मला सगळ्यांच्या आधी मिळाला.

सासूबाईंचा परत जायचा दिवस जवळ आला तशी बायको म्हणाली, "आता सापडू दे तिला. इतकी शोधली, तिच्याच हाताला लागू दे. बरं वाटेल." मलाही पटलं. मी पहाटे उठलो, नळाच्या अलीकडे, तुडवलेल्या गवतात, अगदी नजरेत भरेल अशी स्प्रिंग ठेवली आणि निर्धास्तपणे दाढी करायला गेलो.

सकाळी सासूबाई निघाल्या. मी मागे. नळाजवळ आल्या, पुढे गेल्या. परत आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मी सुचवलं, "आई, जरा इथे खाली बघता का?"

"तिथे काय बघायचं? तो चौकोन तर पहिल्या दिवशीच झालाय."

मी वाकून पाहिलं. स्प्रिंग नव्हती. गुडघ्यांवर बसून पाहिलं. नव्हती! कोणाच्या चपलेखाली मातीत गेली, की मांजरीच्या पिल्लांनी खेळायला नेली, ती पिल्लं आता घरभर हुंदडायला लागली होती, देव जाणे. आता मात्र मी खरंच शोधायला लागलो. भूगोलबाईंचे सगळे चौकोन पुन्हा पालथे घातले. अनुभवी भिंतीवरून म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, ती गेली." सासूबाई माझ्याभोवती फिरत सूचना देत होत्या, काठी व्हरांड्यातच विसरून.

जायच्या दिवशीही मी गवतातच होतो. गवत म्हणजे तरी काय, रोज इतक्या पायांखाली आल्यामुळे ते फाटकापासून नळापर्यंत चटईसारखं बसलं होतं, यंत्राचा तिथे काही उपयोगच राहिला नव्हता. पण माझ्या मनाला चैन पडेना. रिक्षा दाराशी आली. सासूबाई पायरी उतरल्या, कोणाचा हात न धरता सरळ फाटकापर्यंत चालत गेल्या. मी कुंपणाच्या कोपऱ्यात दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे मातीत टेकून होतो. तसाच मान वर करून मी नमस्कार केला.

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बायकोकडे वळून काळजीच्या सुरात म्हणाल्या, "यांना रोज थोडं चालायला सांग गं. नुसते रांगत असतात."